स्वयंपाकघर जुनं झालंय, की नुसतं ओलं, तेलकट आणि अंधारं?

पत्राचा सारांश: डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. इमारत २२ वर्षांची, वन बीएचके, स्वयंपाकघर ८ बाय १० फुटांचं. काळ्या कडप्प्याचा इंग्रजी एल आकाराचा ओटा, खाली सहा शटर, मागे दोन फुटांपर्यंत ८ बाय १२ इंचाच्या पांढऱ्या टाइल्स. सिंकखालची दोन शटरं खालून फुगली आहेत. तिथे कायम कुबट वास येतो आणि झुरळं फिरतात. टाइल्सचे सांधे काळे पडलेत, ओट्यावर राखाडी डाग आहेत, छत पिवळं झालंय. मुलाने मॉड्युलर किचनचं कोटेशन आणलं १ लाख ८० हजारांचं. तो म्हणतो, दोन वर्षं थांब, कर्ज काढून करू. यजमान म्हणतात, संगमरवरी नक्षीचे चिकटवायचे रोल मागव आणि ओटा, टाइल्स, शटर सगळं झाकून टाक, चार हजारांत नवं दिसेल. (एक तुकडा शेगडीमागे लावून पाहिला, त्याची कड पंधरा दिवसांत सुटली.) सासूबाईंना यातलं काहीच नको आहे, त्यांची अट एवढीच की चूल एक दिवसही बंद राहता कामा नये. भिशीचे ३० हजार हाताशी आहेत आणि स्वतः काम करायची तयारी आहे. दिवाळीत माहेरची माणसं येणार, त्यांच्यासमोर या स्वयंपाकघराची लाज वाटते. त्या विचारतात: स्टिकर लावू की मुलाचं ऐकून थांबू?

ताई,

दोन्ही नको. का ते सांगते, पण त्याआधी तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुमच्याच नजरेस आणून देते. तुम्ही तक्रार केलीत दिसण्याची. वर्णन मात्र केलंत ओल, तेल आणि डागांचं. शटरचा रंग आवडत नाही किंवा टाइल्सची फॅशन गेली, असं तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही. स्वयंपाकघर थकलेलं दिसतं ते बहुतेक वेळा तीन कारणांनी: कुठून तरी पाणी झिरपतंय, सगळ्यावर तेलाचा थर बसलाय आणि उजेड चुकीच्या जागी आहे. ही तीन कारणं काढली की २२ वर्षांचा कडप्पाही अंगावर येत नाही. ती तशीच ठेवून वर काहीही चढवलं, मग ते चार हजारांचं असो की पावणेदोन लाखांचं, तर सहा महिन्यांत खालचं वर येतं.

मुलाच्या बाजूनेही बोलायला हवं. मॉड्युलर किचन वाईट नसतं. पण त्या पैशातला मोठा भाग ओट्याखालच्या खोक्यांचा, चॅनेलचा, ट्रॉल्यांचा आणि बिजागऱ्यांचा असतो. म्हणजे मुख्यतः सामान ठेवायची सोय. पत्रात सामान मावत नाही अशी तक्रार कुठेच नाही. उद्या केलंत तरी गळतं सिंक आधी दुरुस्त करावंच लागेल, नाहीतर नवी खोकीही खालून फुगतील. सिंक, सांधे, उजेड, छत यावर आज केलेला खर्च दोन वर्षांनी मॉड्युलर करताना वाया जात नाही. वाया जाईल तो फक्त शटरवरचा, आणि म्हणूनच तिथे हात आखडता ठेवायचा.

स्टिकरचं म्हणाल तर त्याला जागा आहे, पण तुमच्या यजमानांनी सांगितलेली नाही. माळ्याच्या शटरला, कोरड्या मांडणीच्या फळ्यांना, फ्रीजच्या कडेला खुशाल लावा. ओट्यावर नको: गरम कुकर ठेवला की फुगा येतो, सुरी लागली की चीर पडते आणि त्या चिरेतून गेलेलं पाणी आत कुजत राहतं. सिंकखालच्या शटरवर तर मुळीच नको, कारण तिथलं लाकूड सुकायला हवं आणि तुम्ही त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळाल. शेगडीमागे का नको, ते तुमच्याच तुकड्याने सांगितलंय. उष्णतेने गोंद सैल होतो, सुटलेली कड आचेकडे वळते आणि हे प्लास्टिक पेट घेतं. तो तुकडा आजच काढा. हेअर ड्रायरने कोमट करत, भिंतीला जवळजवळ चिकटून आडवा ओढायचा. मागे राहिलेल्या गोंदावर खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवा, मग भांड्याच्या साबणाने धुवा.

आता कामाकडे. सुरुवात सिंकखालून.

पाणी नक्की कुठून येतं ते आधी शोधा

बहुतेक लोक इथे घाई करतात. प्लंबर येतो, पाइप बदलतो, पैसे घेतो, आठ दिवसांत पुन्हा ओल. कारण गळती पाइपात नव्हतीच. सिंकखाली पाणी येण्याच्या जागा चार: नळ आणि त्याचा अँगल कॉक (नळाचं पाणी बंद-चालू करणारा भिंतीतला छोटा कॉक), सिंकच्या भोकातलं वेस्ट कपलिंग, खालचा वेस्ट पाइप आणि सिंक व ओटा यांच्यातला सांधा. या चारही एकेक करून तपासायच्या.

खालचं सगळं सामान काढा, फडक्याने पूर्ण कोरडं करा, तासभर उघडं ठेवा. मग तळाला वर्तमानपत्र पसरा. पहिल्यांदा नळ सोडा, पण पाणी सिंकमध्ये नको, बादलीत धरा. पाच मिनिटांत कागद ओला झाला तर दोष नळाच्या जोडात. कोरडा राहिला तर सिंकच्या भोकात बूच लावा, चार बोटं पाणी भरा आणि पंधरा मिनिटं थांबा. आता थेंब आला तर कपलिंगचा रबर वॉशर गेलाय. तरीही कोरडं असेल तर बूच ओढा: सगळं पाणी एकदम खाली जाताना पाइपाचे जोड किंवा जमिनीतल्या नहाणी ट्रॅपचं तोंड गळतंय का ते कळतं. शेवटी सिंक रिकामं असताना त्याच्या कडेने ओट्यावर तांब्याभर पाणी ओता. तुमची शटरं खालच्या काठाने फुगली आहेत, त्यामुळे मला संशय या शेवटच्या जागेचा आणि कपलिंगचा आहे, पण कागद काय म्हणतो ते खरं.

कपलिंग बदलणं हाताचं काम आहे. जुनं काढा आणि ते घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जा, कारण जुन्या सिंकचं भोक लहान असतं आणि हल्लीची मोठ्या जाळीची कपलिंग त्यात बसत नाहीत. रबर वॉशरच्या जागेवरचा जुना थर खरवडून काढा. नवं हाताने घट्ट करा, मग पान्याने फक्त पाव फेरा. जास्त आवळलं की वॉशर बाजूला सरकतो आणि नवीन असूनही गळतो.

वेस्ट पाइप वळ्यावळ्यांचा असेल तर साफ करत बसू नका. त्या वळ्यांत साचलेलं तूप-तेल निघत नाही, आणि नवा पाइप स्वस्त आहे. तो जमिनीत जिथे शिरतो तिथल्या फटीला रबरी कॅप लावा. तुमची झुरळं आणि वास बहुधा याच बोटभर फटीतून येतात. ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम उभं असतं आणि तेच वास अडवतं, पण पाइपाशेजारची फट उघडी असेल तर त्याचा उपयोग नाही. आणि एक सवय मोडा: भाताची उकळती पेज थेट सिंकमध्ये ओतू नका. पीव्हीसी उकळत्या पाण्यासाठी नसतो, मऊ पडतो आणि जोड सुटतात. आधी नळ सोडा, मग ओता.

नळाकडचा जोड गळत असेल तर अँगल कॉक बदलायचा. वरचा मुख्य कॉक बंद करा, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दहा-बारा वेढे आटे ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने घ्या. मात्र इमारत २२ वर्षांची आहे. भिंतीतला पाइप जुना लोखंडी असेल आणि कॉक काढताना पाइपच आतून फिरतोय असं जाणवलं, तर तिथेच हात थांबवा आणि प्लंबर बोलवा. गंजलेला आटा भिंतीच्या आत तुटला तर तुमची सगळी भिशी टाइल्स फोडण्यात जाईल.

राहिला सिंक आणि ओट्याचा सांधा. तो व्हाइट सिमेंटने भरलेला असणार. स्टीलचं सिंक गरम पाण्याने किंचित पसरतं, भांड्यांच्या ओझ्याने दबतं. सिमेंटला ते झेपत नाही, केसाएवढी चीर पडते आणि पाणी तिथून आत जातं. म्हणून पुन्हा सिमेंट भरायचं नाही, सिलिकॉन भरायचं. पण कोणतं? दुकानात मिळणाऱ्या साध्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. कडप्पा हा चुनखडीचा दगड, आंबट त्याला चालत नाही. पकड सुटते. नळीवर ‘न्यूट्रल क्युअर’ आणि बुरशीरोधक असं लिहिलेलं मागून घ्या. ३०० मिलीची एक नळी सिंकला पुरून ओट्यामागच्या भिंतीच्या सांध्यालाही पुरेल.

जुनं सिमेंट कटरच्या पात्याने आणि पातळ पटाशीने खरवडून पूर्ण काढा. जुन्यावर नवं चढवलं तर ते जुन्यासकट निघतं. रात्रभर सुकू द्या, सिंक वापरू नका, भांडी बाथरूममध्ये घासा. सकाळी सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. नळीचं तोंड तिरपं कापा, भोक सांध्याएवढंच ठेवा. एका संथ हाताने, मध्ये न थांबता ओढत न्या. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच दाबून सरळ करा आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप काढा. सुकल्यावर टेप काढली की कड फाटते. २४ तास पाणी नाही. सिंक हलवून पाहिलं तर डुगडुगतं का, हे मात्र त्याआधीच बघा. डुगडुगत असेल तर खालचा आधार गेलाय. तो सुताराकडून किंवा प्लंबरकडून आधी द्यावा लागेल, नाहीतर कोणतंही सिलिकॉन टिकणार नाही.

ओटा

तुमचा दगड खरंच कडप्पा आहे का, हे कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसून बघा. फिका डाग उरला तर कडप्पा. ग्रॅनाइट असेल तर काही होणार नाही. यातूनच तुमच्या राखाडी डागांचंही कोडं सुटतं. ते झिजलेपण नाही, लिंबू, चिंच, टोमॅटो आणि बहुधा कधीतरी फिरवलेलं फरशीचं ॲसिड, यांनी दगडाचं पॉलिश खाल्लंय. ॲसिडची बाटली स्वयंपाकघरातून कायमची हलवा. ते कडप्पा खातं, टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट खातं आणि स्टीलच्या सिंकला बारीक खड्डे पाडतं. ब्लीचबरोबर तर चुकूनही नको, त्या दोघांतून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आधी तेल काढायचं. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, हातमोजे घालून, नायलॉनच्या ब्रशने. हेच पाणी टाइल्स, शटर, भिंती आणि छतालाही चालतं. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आणि पट्ट्यांना मात्र लागू देऊ नका, काळे पडतात. नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसायचं, कारण मागे राहिलेल्या सोड्यावर रंग धरत नाही.

ओटा सुकला की पाण्याचा पॉलिश पेपर घ्या, नंबर २२०, ४००, ६०० आणि ८००, प्रत्येकी तीन-चार ताव. सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, ओट्यावर पाणी शिंपडत, गोल गोल घासायचं. काळा चिखल निघतो, तो पुसून मगच पुढचा नंबर. लोक इथे दोन चुका करतात: २२० वरून थेट ८०० वर उडी मारतात, मग रेघा राहतात, किंवा फक्त डागावरच घासतात, मग तिथे खळगा दिसतो. पूर्ण पट्टा घासा. चौदा फुटांच्या ओट्याला एक अख्खा दिवस आणि दोन दुखरे खांदे लागतील, आरशासारखी चमक येणार नाही. येईल तो एकसारखा, मऊसर काळा रंग, आणि मला विचाराल तर कडप्प्याला तोच शोभतो. रात्रभर सुकवून दगडात मुरणारा सीलर लावा. अन्नाशी संपर्क येणाऱ्या जागी चालतो असं डब्यावर लिहिलेलं पाहा आणि दहा-पंधरा मिनिटांनी वरचा सगळा पुसून काढा, नाहीतर चिकट पापुद्रा राहतो. खोबरेल तेल चोळून ओटा काळा करायची जुनी पद्धत आहे, पण चार दिवसांत त्यावर पीठ आणि धूळ बसायला लागते. लिंबाचे डाग पुढेही पडतील. सीलर तेल मुरू देत नाही, आंबटाला तो अडवत नाही. चिरायला पाट वापरा.

टाइल्स आणि सांधे

टाइल्सना रंग देण्याची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. शेगडी आणि सिंकमागे तो टिकत नाही, पोपडे धरतो. तुमच्या टाइल्स पांढऱ्याच आहेत, त्यांचं काही बिघडलेलं नाही, बिघडलेत ते सांधे. आधी सगळ्या टाइल्सवर नाण्याने टिचक्या मारून घ्या. पोकळ वाजणाऱ्या दोन-चार असतील तर त्यांच्या भोवती हळू हात चालवा. अर्ध्याहून जास्त पोकळ वाजल्या तरच टाइल्स बदलायचा विचार करायचा, आणि तो वेगळा खर्च आहे.

सांधे ग्राउट (टाइल्सच्या सांध्यात भरायचा मसाला) काढायच्या करवतीने किंवा तुटलेल्या हॅकसॉ ब्लेडने दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडायचे. नुसतं वरून फासलेलं ग्राउट महिन्याभरात गळतं. धूळ ब्रशने काढून सांधे कोरडे करा. भरायला इपॉक्सी ग्राउट घ्या, कारण ते तेल-हळद पीत नाही. तुमच्या साधारण २८ चौरस फुटांना, सांधे दोन मिलिमीटरचे धरले, तर अर्ध्या किलोच्या आत काम होतं. छोट्यात छोटा पॅक आणा. रेझिन आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच मिसळायचे, अंदाजाने नाही. प्रमाण चुकलं तर ते कधी कडक होत नाही. एका वेळी सात-आठ चौरस फुटांपुरतंच कालवा, कारण अर्ध्या-पाऊण तासात ते घट्ट व्हायला लागतं. रबरी पट्टीने तिरकं दाबून भरा आणि लगेच ओल्या स्पंजने टाइल पुसा. उद्या पुसू म्हणाल तर ते टाइलवर कायमचं राहील. शुभ्र पांढरा नका घेऊ, फिका राखाडी घ्या.

छत, भिंती आणि उजेड

पिवळ्या छतावर थेट पांढरा रंग मारला की दोन आठवड्यांत पिवळं वर येतं. तेल आणि धुराचा डाग पाण्याच्या रंगातून झिरपतो. सोड्याने धुवा, सुकवा, ऑइल बेस प्रायमरचा एक हात द्या, मगच धुता येण्यासारखं इमल्शन. छताला एक लिटर आणि टाइल्सच्या वरच्या भिंतींना दोन लिटर, दोन हातांना पुरतं. पिवळेपणाला ओलीची कड दिसत असेल, म्हणजे वरच्या घरातलं पाणी येत असेल, तर आधी त्यांच्याशी आणि सोसायटीशी बोला. तिथे रंग लावणं म्हणजे पैसे पाण्यात. पावसाळा सरून भिंती सुकल्यावरच ब्रश हातात घ्या.

उजेडाचा उल्लेख तुम्ही केला नाहीत, पण या वयाच्या घरांत ट्यूब बहुतेक मागच्या भिंतीवर असते. तुम्ही ओट्यासमोर उभ्या राहिलात की तुमचीच सावली विळीवर. ओट्यावरच्या मांडणीच्या पुढच्या काठाखाली दोन फुटी, १० वॅटची एलईडी पट्टी लावा, एक शेगडी आणि सिंक यांच्यामध्ये, एक चिरण्याच्या जागी. रंग ४००० केल्व्हिनचा: ६५०० चा निळसर पडतो आणि अन्न फिकट दिसतं. मोठ्या ट्यूबऐवजी चार फुटी २० वॅटची एलईडी. पूर्ण कामात सर्वांत कमी पैशांत डोळ्यांना दिसणारा बदल हाच आहे. वायरमनकडूनच करा. तो आलाच आहे तर मिक्सरचा प्लग जळका असल्यास बदलून घ्या आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते विचारा. नसेल तर माझ्या मते शटरांआधी तो.

शटर, सर्वांत शेवटी

फुगलेलं प्लायवुड पुन्हा बसत नाही. घासून, पुट्टी भरून काही होत नाही. ती दोन शटरं काढून टाका आणि तिथे १८ मिलिमीटरच्या डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचा) किंवा पीव्हीसी बोर्डची लावा, ते पाण्याने फुगत नाही. जुन्या शटरच्या मापाने नाही, चौकटीच्या मापाने कापून घ्या आणि दोन शटरांत तीन मिलिमीटर फट सोडा. कापणं आणि बिजागरीचं ३५ मिलिमीटरचं भोक सुतारावर सोपवा. भोक एकदा चुकलं की शटर गेलं. अशा बोर्डात स्क्रू आवळताना बारीक भोक आधी पाडायचं आणि आवळणं थांबवायचं कधी ते हाताला कळायला हवं, फार आवळलं तर आटे आतच फिरतात.

बिजागऱ्या घेताना जुनी एक सोबत न्या. दुकानदार ‘झिरो, आठ की सोळा क्रँक’ विचारेल, क्रँक म्हणजे बिजागरीच्या दांड्याचा बाक. शटर चौकटीचा पूर्ण काठ झाकत असेल तर झिरो, एकाच पट्टीवर शेजारी-शेजारी दोन शटरं येत असतील तर आठ, चौकटीच्या आत बसत असेल तर सोळा. हँडल बदलायचं तर दोन भोकांमधलं अंतर मोजून त्याच मापाचं घ्या, ९६ किंवा १२८ मिलिमीटर असेल, म्हणजे नवी भोकं पाडावी लागत नाहीत. दुकानात चुंबक लावून ‘हे बघा, ३०४ स्टील’ असं दाखवतात, त्याला भुलू नका. २०२ आणि ३०४ दोन्ही चुंबकाला जवळजवळ चिकटतच नाहीत. बिलावर ग्रेड लिहून मागा.

उरलेली चार शटरं लॅमिनेटची असतील तर रंगवता येतात. यात घाई करणाऱ्यांचा रंग नखाने निघतो. शटरं उतरवा आणि कुठलं कुठे होतं ते मागे पेन्सिलने लिहा. हँडलभोवतीचं तेल सोड्याने दोनदा काढा, तिथेच रंग न धरता डोळ्यांसारखी गोल भोकं राहतात. २२० च्या पेपरने लॅमिनेटची चमक पूर्ण मारा, फाडू नका. गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा प्रायमर एक हात, मग वॉटर बेस इनॅमल दोन हात, चार इंची फोम रोलरने, पातळ. अर्धा लिटर पुरे. तेलाचं पांढरं इनॅमल घेऊ नका, कमी उजेडात ते पिवळं पडतं. आधी एका शटरच्या आतल्या बाजूला प्रायमर आणि रंग लावून दोन दिवसांनी पात्याने फुली मारा, त्यावर टेप चिकटवून झटक्यात ओढा. रंग टेपसोबत आला तर रंगवायचा नाद सोडा आणि सुताराला नवं लॅमिनेट चढवायला सांगा. दोन हातांत एक रात्र जाऊ द्या, आणि पूर्ण कडक व्हायला आठवडा लागतो, तोवर ओलं फडकं नको.

सिलिंडर ओट्याखाली असेल तर त्या शटरला खालच्या बाजूला भोकं असायलाच हवीत. गळलेला एलपीजी हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. नवं, सुबक, बंद शटर लावून लोक ती हवाच बंद करतात. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख तिच्यावरच छापलेली असते. पाइपचा गॅस असेल तर त्या पाइपाला हात लावायचा नाही, झाकायचाही नाही. हलवायचा असेल तर गॅस कंपनीचा माणूस.

खर्च आणि सासूबाईंची चूल

भाव दुकानागणिक बदलतात, पण साधारण मांडणी अशी: सिंकखालचं सामान, सिलिकॉन आणि प्लंबरची एखादी फेरी ३ हजार, सांधे आणि ओटा मिळून ३ हजार, दिवे आणि वायरमन ३ हजार, छत-भिंती ३ हजार, दोन नवी शटरं, सहाही शटरांच्या बिजागऱ्या आणि सुतार ७ हजार, उरलेल्या चार शटरांचा रंग दीड हजार. हे साडेवीस झाले. पाच हजार बाजूला ठेवा, सिंकखाली उघडल्यावर काहीतरी निघतंच. सिंकलाच खड्डे पडले असतील तर नवं ३०४ चं सिंक याच पैशातून. पैसे कमी पडले तर शटरं पुढे ढकला. पाणी आणि दिवे नको.

सासूबाईंची अट अडचण समजू नका, ती वेळापत्रक आखायला उपयोगी आहे. सगळं एकदम उकरायचं नाही. पहिल्या शनिवार-रविवारी तपासणी आणि सिंक, दुसऱ्या आठवड्यात सांधे, तिसऱ्यात छत-भिंती, चौथ्यात ओटा, शटरं त्यानंतर. छत ओट्याच्या आधी, म्हणजे रंगाचे शिंतोडे नव्या सीलरवर पडणार नाहीत. सिलिकॉनच्या दिवशी पाणी बंद असतं, गॅस नाही. ग्राउट, छत आणि ओट्याच्या दिवशी शेगडी बंद, म्हणून त्या दिवसांत बाहेरच्या खोलीत इंडक्शनवर वरण-भात लावा. शेजारून उसनं आणलं तरी चालेल. सिलिंडर उचलून बाहेरच्या खोलीत मात्र नेऊ नका. डबे-बरण्या रिकाम्या करायचं काम सासूबाईंना विचारून करा, कोणता डबा कुठे हे त्यांच्या हाताला पाठ आहे आणि तिथेच त्यांचा विरोध असण्याची शक्यता जास्त.

आणि माहेरच्यांचं? सिंकखालची ओल, काळे सांधे आणि पिवळं छत गेलं की दाखवायला लाज वाटावी असं काही उरत नाही. शटरं दिवाळीपर्यंत झाली नाहीत तर फुगलेली दोन काढून तिथे तात्पुरता पडदा लावा, आतली जागा तेवढीच सुकेल. सुतार मात्र आत्ताच सांगून ठेवा आणि माप द्या. दसरा उलटला की तो दिवाळीपर्यंत कुणाच्याच हाती लागत नाही.